भावाची बिलं

१२ ऑगस्ट

तीर्थरूप काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काकू म्हणाली, जिना चढताना कुरकुरता पण डॉक्टरांचं ऐकत नाही. रिटायर झालात तरी हट्ट काही सुटला नाही म्हणायचा.

आपलं अकाउंट्स आता तुम्हाला ओळखू यायचं नाही. अर्धी टेबलं गेली. बिल आलं की कॉम्प्युटरच वाचतो, ऑर्डरशी ताडून बघतो आणि पैसे सोडतो. त्याला शंका आली तेवढंच आमच्याकडे येतं. आम्ही त्याला 'नवे साहेब' म्हणतो. चहा मागत नाहीत, कुणाची रजा अडवत नाहीत, त्यामुळे तक्रार नाही. गंमत म्हणजे ते शिकलेत तुमच्याकडूनच. तुमच्या जुन्या सह्या, शेरे, थांबवलेली बिलं, सगळं त्यांच्याकडून घोटवून घेतलंय. परवा एका पार्टीने तेच बिल दोनदा लावलं, ते त्यांनी बरोबर पकडलं. तेव्हा तुमची फार आठवण झाली.

बाबा बरे आहेत. म्हणजे तब्येतीने बरे आहेत. पुढचं फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय.

नवे साहेब बाबांच्या कारखान्यातून येणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं प्रत्येक बिल अडवतात. कारण विचारलं की पडद्यावर एकच ओळ येते: या पार्टीची बिलं पूर्वी वारंवार थांबवली आहेत, धोका जास्त. अशा पार्ट्या महिनाअखेर बंद करायचं ठरलंय. बाबांचा बहुतेक माल आपल्याच कंपनीत येतो. तो थांबला की कारखान्याला कुलूप लागेल.

मी त्यांची जुनी बिलं काढून पाहिली. एकातही चूक नाही. तुम्ही ती थांबवलीत ती भावाची होती म्हणून, उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून. मला कळतं ते. पण खरं सांगते, रागही आला. तुम्हा दोघांचं बोलणं तुटलं त्या दिवशी बाबा आईला म्हणाले होते, "परक्याचं बिल एका सहीत सुटतं. माझ्यातच त्याला चोर दिसतो."

इथे माझ्या शब्दाला किंमत नाही, मी पडले त्यांची मुलगी. मोठ्या साहेबांना तुमच्याकडून लेखी हवंय, की बिलं नात्यामुळे थांबवली होती, त्यांत खोट कधीच नव्हती. ईमेल चालेल म्हणाले.

हे पत्र लिहितेय ते बाबांना माहीत नाही. कळलं तर म्हणतील, कारखाना गेला तरी चालेल, त्याच्यापुढे हात पसरू नकोस. म्हणून मीच पसरते.

ईमेल दोन ओळींचाच आहे. पण साहेबांच्या आधी त्या बाबांना सांगा, तुमच्या तोंडाने. इतकी वर्षं ते पैशांची नाही, त्याच दोन ओळींची वाट बघतायत.

तुमच्या भावाची मुलगी