ठिपक्यांची रेघ

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे पुरतं वाकता येत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार मनातल्या मनात केला आहे, गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? नेहमीसारखं 'बरं चाललंय' लिहून माझी बोळवण करू नकोस. छातीत भरून येतं का, जिना चढताना दम लागतो का, उठताना चक्कर येते का, सगळं सविस्तर हवं. का, ते विचारू नकोस. इकडे तुझी भाचेसून आणि मुलं मजेत आहेत.

आमच्या पाणीपुरवठा खात्यात एक टर्मिनल आलं आहे, म्हणजे काचेचा पडदा आणि त्यापुढे टाइपरायटरसारखी बटणं. घरोघरचे नवे मीटर आपले आकडे तारेवरून त्याला धाडतात. आपण घराचा नंबर टाइप करून 'काढ' असं लिहायचं, की त्या घरात कधी किती पाणी वापरलं त्याची हिरवी रेघ पडद्यावर सरसर उमटते. आणि रेघ बघता बघता त्यात माणसं दिसायला लागतात. कोण पहाटे उठतं, कोणाकडे पाहुणे ठाण मांडून बसलेत, कोणत्या नवरा-बायकोचं बिनसलंय (दोघं आपापले कपडे वेगळे धुतात), सगळं. कोपऱ्यावरच्या खानावळीत भांडी किती पाण्यात विसळतात तेही मला कळलं, तेव्हापासून मी घरून डबा नेतो.

आता माझा पराक्रम ऐक. कधी कधी एखादा मीटर मुका होतो आणि रेघेत भगदाड पडतं. आमच्या साहेबांना भगदाड खपत नाही. म्हणून यंत्र बसवायला आलेल्या बाईंनी त्याला 'भर' असा एक हुकूम शिकवला. कुठून कुठपर्यंत ते सांगितलं, की यंत्र आजूबाजूचे आकडे बघून मधली जागा ठिपक्यांच्या रेघेने भरतं. मी एकदा महिनाअखेरीला जेवणानंतरच्या डुलकीत चालू महिन्याऐवजी पुढचा महिना टाइप केला. एखादं शहाणं यंत्र म्हणालं असतं की बाबा रे, तो महिना अजून उजाडायचाय. पण हे आमच्या साहेबांच्या हाताखाली तयार झालेलं. हुकूम आला की उलट प्रश्न नाही. त्याने न उजाडलेले दिवसही निमूटपणे भरून दिले.

सुरुवातीला हसून हसून पोट दुखलं. समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची रेघ येत्या मंगळवारी दुपारी एकदम आभाळाला भिडली होती. मी त्याला म्हटलं, लेका, मंगळवारी अख्ख्या गावाची दाढी करणार आहेस काय? मंगळवारी दुपारी त्याचा नळ तुटला आणि एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर पळत आलं. मग मी आमच्या शेजारच्या मास्तरांची रेघ काढली. (निवृत्त, एकटे, स्वभावाने लाख माणूस.) शनिवारपासून सपाट. कुंपणावरून विचारलं, मास्तर, बाहेरगावी निघालात वाटतं? तर म्हणाले, "छे रे, मला कोण बोलावतंय!" शनिवारी सकाळी ते हातात चहाचा कप धरून खुर्चीतच गेले. सोमवारी मी त्यांची खरी रेघ काढली, तर ती ठिपक्यांवर बरोब्बर बसली होती.

मी बाईंना गाठलं. त्यांनी समजावलं की यंत्राला भविष्यबिविष्य काही कळत नाही, ते मागचं बघून पुढचा अंदाज करतं. मग नळ तुटणार हे मागच्या आकड्यांत कुठे होतं, असं विचारल्यावर त्या हसल्या आणि माझी समजूत पटावी म्हणून स्वतःच्याच घराचा नंबर टाइप केला. रेघ उमटली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, पर्स घेतली, आणि अजून रजेवर आहेत. साहेबांनी टर्मिनलवर टेबलक्लॉथ टाकला आहे, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा. तरी त्याखालून बारीक गुणगुण येतच असते.

असो. सहज आठवलं म्हणून लिहिलं. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझा,
डोकं खाणारा भाचा

ता. क. पत्र मिळताच अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे निघून ये. बुधवारच्या आत ये.

ता. क. दुसरा. आता खरं सांगतो. तुझं गावही आमच्याच खात्याच्या पाण्यावर आहे, आणि टेबलक्लॉथ उचलून मी तुझ्या घराची रेघ पाहिली. बुधवारपासून सपाट आहे. पडदा रुमालाने पुसला, नंबर पुन्हा टाइप केला, यंत्र बंद करून चालू केलं. सपाटच. साहेब म्हणाले, अहो, याचा अर्थ आत्या तुमच्याकडे राहायला येणार! मला ते इतकं पटलं की मी भर ऑफिसात त्यांचे पाय धरणार होतो. आत्या, आई गेल्यावर तूच मला लहानाचं मोठं केलंस. मला फार भीती वाटते आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी आमच्या घराची रेघ काढली. तू येणार असशील तर बुधवारपासून ती थोडी तरी चढायला हवी. चढलेली नाही. तुझी भाचेसून म्हणते, आत्याबाई आंघोळीला जेमतेम अर्धी बादली घेतात, आपल्या घरच्या एवढ्या माणसांत ती यंत्राला दिसणार कुठून? मी त्या अर्ध्या बादलीला धरून बसलो आहे. तू ये. आणि आल्यावर, तुला माझ्या गळ्याची शपथ, रोज धो धो पाणी वापर.