कलघटगीची हवा

प्रिय सुमतीअक्का,

आज दसऱ्याची सुट्टी संपून ऑफिस उघडलं. दरवर्षीसारखी सगळ्यांनी एकमेकांना बन्नीची पानं दिली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहूया" म्हणून झालं, लहानांचं मोठ्यांच्या पाया पडून झालं. आणि आमच्याकडे नवीन लागलेली वीणा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मुठीत पानं घट्ट धरलेली. हळूच म्हणाली, "मॅडम, साहेबांना द्यायलाच पाहिजे का हो?"

अक्का, तुम्ही गेल्यापासून कितीदा तरी वाटलं, तुम्हाला लिहावं. आज मात्र राहवेना.

आठवतं ना तुम्हाला? मी नोकरीला लागले तेव्हा कोप्पीकर रोडवरच्या आपल्या पतसंस्थेत तुम्ही सगळ्यांत जुन्या क्लार्क, आणि जीभ ही अशी तिखट! मॅनेजरसुद्धा तुम्हाला टरकून असायचे. मला कशाला टरकतील? साडीचं कौतुक, खांद्यावर हात, "थांबा जरा, हिशेब जुळत नाही" म्हणून सगळे गेल्यावर थांबवणं. मग एकदा लॉकरच्या खोलीत दार अडवून उभे राहिले आणि कमरेला हात घातला. मी कशीबशी निसटले. सांगणार कुणाला? दुसऱ्या दिवसापासून जेवणाचा डबा छातीशी धरून ऑफिसात वावरायला लागले.

तुम्ही तेवढंच पाहिलंत. "काय गं, डबा काय पळून जाणार आहे? असा कवटाळून का फिरतेस?"

सगळे हसले आणि मी रडायला लागले. तुमचं हसू तिथंच थांबलं. हाताला धरून मला मागच्या खोलीत नेलंत. तू थांबलीसच का, आधी का नाही बोललीस, असलं एक अक्षर विचारलं नाहीत हो! म्हणालात, "लिहून काढ की. चेअरमनना द्यायला मी येते तुझ्यासंगं."

घरी केवढा तमाशा झाला! अप्पा म्हणाले, "नोकरी सोड आणि गप घरी बस. स्थळं यायला लागलीत, गावभर बोभाटा नको." तर तुम्ही सरळ दुर्गदबैलला अप्पांच्या कापडदुकानात जाऊन गादीवर बसलात आणि एकेक खण काढायला लावलात. अप्पांना वाटलं, चांगलं गिऱ्हाईक आलं! दुकानभर खण पसरल्यावर म्हणालात, "अण्णा, खण झकास आहेत. पण एक सांगा, चूक त्याची आणि नोकरी हिची जाणार, हा कुठला न्याय?" अप्पा काही बोलायला गेले तर "साकु! पुरे!" म्हणून गप्प केलंत. माझ्या अप्पांना! त्यांच्याच दुकानात! आणि एकही खण न घेता उठलात.

अप्पा जेवताना एवढंच म्हणाले, "ती बाई तुझ्याबरोबर आहे ना? मग जा उद्या."

पण चेअरमन! दसऱ्यापर्यंत ती तक्रार दाबून बसले. बन्नी वाटायच्या वेळी सगळ्यांना जमवून मला म्हणाले, "वर्षाची भांडणं आज मिटवायची असतात, पोरी. साहेबांना सोनं दे, पाया पड, विषय संपला." आपल्याकडं बन्नी नाही म्हणायची सोय असते का? वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊसुद्धा त्या दिवशी पानं घेऊन दारात उभे राहतात. मी पुढं गेले. वाकणार, एवढ्यात तुमचा आवाज आला.

"थांब."

स्वतःच्या हातातली पानं तुम्ही टेबलावर ठेवलीत. "भांडण असतं तर मीच मिटवलं असतं, सर. भांडायला दोघं लागतात. या पोरीनं काय केलंय? यांना या वर्षी माझं सोनं नाही."

टायपिंग करणारी शांता उठली आणि तिनंही पानं ठेवली. बाकी सगळे जमिनीकडं बघत राहिले. मग मी ठेवली.

चौकशी झाली, तुम्ही साक्ष दिलीत, मॅनेजरना जावं लागलं. माझी नोकरी राहिली. आणि महिन्याभरात तुमची बदली कलघटगीच्या शाखेला!

त्या दुखऱ्या गुडघ्यानं रोज बसनं जायचं आणि यायचं. मी रडले तर म्हणालात, "वेडी आहेस काय? तिथली हवा छान आहे." पुढं जेव्हा जेव्हा भेटलात तेव्हा तेच. हवा छान, पाणी छान, माणसं छान! अहो अक्का, खरं का नाही सांगितलंत? तुम्ही देवाघरी गेल्यावर तुमच्या सुनेनं सांगितलं. बसायला जागा नाही मिळाली की खड्ड्याखड्ड्यांतून उभ्यानं यायचं, घरी आल्यावर जिना चढायला भिंत धरायची. वर तिला ताकीद, "शुभाला यातलं काही बोलायचं नाही." मला तुमचा राग आला. अजून येतो. माझ्यामुळंच झालं ना ते? मग थोडं तरी मला कळू द्यायचं होतं की!

आज वीणानं विचारलं आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "थांब." तिला मागच्या खोलीत नेलं. तिनं जे सांगितलं ते इथं लिहवत नाही. साहेब बदलले अक्का, लॉकरची खोली तीच आहे.

खरं सांगू? मला भीती वाटतेय. हे साहेब माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. माझा पोरगा आजारी होता तेव्हा न मागता रजा दिली त्यांनी. माझं प्रमोशन त्यांच्याच शब्दावर अडलंय. आता ऑफिसात तक्रार समिती आहे, भिंतीवर तशी पाटीही लावलीय. पण त्या चार माणसांसमोर वीणा एकटी कशी जाईल? तुम्ही नसतात तर मी गेले असते का? बन्नी देऊन, पाया पडून, डबा कवटाळून बसले असते जन्मभर.

साहेबांच्या वाट्याची पानं अजून माझ्या पर्समध्ये आहेत. ती तिथंच सुकतील. उद्या वीणाबरोबर मी जाणार, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आणि विचारतील त्याला उत्तर देणार. हा माझा तुम्हाला शब्द. आणि त्यासाठी मलाही कलघटगीला धाडलं, तर जाईन. तिथली हवा खरंच किती छान आहे, ते एकदा बघायचंच आहे मला.

तुमची,
डबा कवटाळून फिरणारी
शुभा