कनोआस गावची आषाढातली होळी

मु. कनोआस, ब्राझील मुलूख,
आषाढ वद्य पक्ष

तीर्थरूप कस्तुराबाईच्या पायांवर धाकटा भाऊ पुंजाजी समुद्रापलीकडून डोकं ठेवते. बाई, तुह्या गुडघ्याचं दुखणं कसं हाय? एरंडाचा पाला बांधते का कंटाळून सोडून देल्लं? भाऊजींचा खोकला, तांबड्या गाईचं दूध अन् शेलूबाजारची सगळी मंडळी बरी असतीन असं मी धरूनच चालतो, काहून का तुमचं उत्तर याले दिवाळी होईन, अन् तोवर काळजी करत बसलो तं इथलं काईच पाहून होणार नाई. मी खुशाल हाय. उलट जरा अंगानं भरलोच हाव. हे पत्र सादिकच्या दुकानात वाचलं जाईन हे मले ठाऊक हाय. (सादिक, सलाम. कापड मोजता मोजता वाचू नको, माह्या मुंबईच्या पत्रातली ओळ तू एका गिऱ्हाइकाले भाव म्हणून सांगतली होती. अन् बाईच्या डाव्या कानाकडून वाच, उजव्यानं तिले आपल्या सोईचं तेवढंच ऐकू येते.)

तू मले कायले धाडलं ते मी विसरलो नाई. तुहा एकुलता एक पोरगा जगदेव मोठ्या लढाईच्या आधी कारंज्याच्या बाजारातून त्या परदेशी गिऱ्हाइकाच्या बैलांसंग गेला. 'बैल पोचवतो अन् येतो' म्हणे. बैल पोचले, तो काई आला नाई. तू माहा हात धरून म्हटलं, 'पुंजाजी, कान धरून आण त्याले', म्हणून मीही तशाच दुसऱ्या बैलांचं चारापाणी करायले बोटीवर चढलो. समुद्राचं काय सांगू? बैल मजेत रवंथ करत अन् त्यांचा राखणदार त्यांच्या पायाशी आडवा. एक पांढरा गोऱ्हा तं माह्याकडे असं पाहे, जसं काई विकायले मलेच नेऊन राह्यले. बैल मोठ्या बंदरात उतरवले. तिथल्या गोठ्यावर पुसलं तं कळलं का जगदेव कवाचाच खाली गेला, या मुलुखाच्या पार शेपटाकडे. मंग मीही दुसऱ्या बोटीनं खाली, अजून खाली. जसजसा खाली जाऊ तसतशी थंडी! बाई, इथं आषाढात पूस महिना असते. सूर्य उत्तरेकडून जाते. मी पहिल्या दिवशी सावलीवरून दिशा धरली अन् बंदराच्या उलट्या टोकाले जाऊन एका लग्नाच्या मांडवात घुसलो. (त्यांनी जेवू घातलं. चांगली माणसं.)

कनोआस म्हणजे मोठ्या शहराच्या बगलेतलं गाव. शहरातले पैसेवाले इथं हवा खायले बंगले बांधतात, अन् बाकीचे त्यांच्यासाठी दूध काढतात. शहरातून इथं आगगाडी येते. रूळ आपल्या कारंज्याच्या गाडीपरीस जरा रुंद, चाल तीच. मी ठेसनावर उतरलो, अंगात बंडी, वरून घोंगडं, डोक्यावर तू बांधून देल्लेलं लाल पागोटं, अन् भेटन त्याले 'जगदेव, जगदेव' म्हणत सुटलो. कोणाले काई समजे ना. पण पागोटं पाहून माणसं जमली. एक जाडजूड बाई पुढं आली अन् तिनं आपला तळहात माह्या नाकासमोर धरला. मले वाटलं, इकडचा नमस्कार असन. मीही माहा हात धरला. तिनं तो बाजूले केला अन् परत आपलाच दाखवला. तवा समजलं का हे लोक मले हात पाहणारा जोशी समजून राह्यले. नाई कसं म्हणा, अन् कोणत्या भाषेत म्हणा? मी हात पाह्यला अन् गंभीर होऊन म्हटलं, 'माय, तुह्या हातावर राख अन् भांडे घासणं लई दिसून राह्यलं.' ती इतकी खूश झाली का तिनं आपल्या नणंदेले बोलावलं. बघता बघता रांग लागली. गाडी निघायची तं गाडीवानही उतरून रांगेत उभा.

बोलून बोलून घशाले कोरड पडली. पाण्यासाठी खूण केली तं कोणीतरी वरडलं, 'बाल्दे!' बाई, खरं सांगतो, माह्या अंगावर काटा आला. बाल्दी! एवढ्या दूर येऊन मले आपला शब्द भेटला. मंग मी कान देऊन ऐकाले लागलो, तं चावीले हे 'शावी' म्हणतात, घमेल्याले 'गामेला', पावाले 'पांव', साबणाले 'साबांव', अन् पगार देणं म्हणजे 'पागार'. म्हणजे ही माणसं अर्धी आपलीच भाषा बोलतात, फक्त नाकातून. (जगदेव म्हणते का हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले. मी म्हटलं, घमेलं आपल्या बापजाद्याचं हाय, ते कोणाच्या बापाचं नाई.) पाणी घेऊन आली ती एक पिवळ्या केसांची, अंगानं जड झालेली पोरगी. थंड पाण्याचा पहिला घोट दातात गेला तसा मी वरडलो, 'माय वो!' ती पोरगी एकदम हासली. माह्या बाहीले धरून 'जोर्जी, जोर्जी' म्हणत मले रांगेतून वढत घेऊन गेली. जोर्जीच्या पायाले ठेच लागली का तोही 'माय वो' म्हणते, हे तिले ठाऊक होतं. अन् जोर्जी म्हणजे आपला जगदेव.

तो गोठ्यात धार काढत होता. मले पाह्यलं अन् भांडं मांडीत होतं तसाच उभा राह्यला, सगळं दूध पायावर. मंग म्हणे, 'मामा, कायले आला एवढ्या दूर?'

मी म्हटलं, 'तुले न्यायले.'

तो म्हणे, 'आधी जेव.' अन् ज्या जागी गोष्ट काढायची तिथं जेवण काढणं ही सवय त्याले तुह्याकडूनच आली हाय, बाई.

तब्येतीनं तो चांगला झाला. मिशा ठेवल्या. गोठ्यात गाई भरपूर, त्यातल्या दोन-चार आपल्याकडच्या रक्ताच्या, वशिंडवाल्या. सकाळी दुधाचे डबे गाडीनं शहरात जातात. घरचा म्हातारा सिल्वेरियो, म्हणजे त्या पिवळ्या केसवालीचा बाप, गोठ्याचा मालक. तिचं नाव इदालिना. म्हातारा रोज सकाळी चुलीजवळ बसते अन् एका वाळल्या भोपळ्याच्या वाटीत कसला तरी कडू पाला टाकून वरून ऊन पाणी ओतते. त्यात एक चांदीची नळी. तो वढते, पुन्हा भरून दुसऱ्याले देते, दुसरा तीच नळी तोंडात घालते, मंग तिसरा. सगळ्यांचं उष्टं सगळ्यांच्या तोंडात! फिरत फिरत ती वाटी माह्यापाशी आली. नाई म्हणावं तं म्हाताऱ्याचा अपमान, हो म्हणावं तं मी बाटलो. जगदेव हळूच म्हणे, 'मामा, चिलीम समज.' खरंच की! चिलीम तं आपण सगळ्या गावाची वढतो. मी पागोट्याचं टोक वलं केलं, चिलमीले वल्या फडक्याची छापी लावतात तसं नळीले गुंडाळलं अन् जोर लावून दम मारला. बाई, जीभ भाजली, नाकातून पाला आला, डोळ्यापुढं काजवे. सगळे हासले. पण दुसऱ्या दिवशी पाहतो तं म्हाताऱ्यानंही नळीले रुमाल गुंडाळलेला. पाहुण्याले एकटं वाटू नये म्हणून. तवापासून माहं त्याच्याशी जमलं. त्याले माहं बोलणं समजत नाई, मले त्याचं, म्हणून भांडण होत नाई. एकच चूक झाली. मले जगदेवनं 'ओब्रिगादो' हा शब्द शिकवला होता, म्हणजे उपकार झाले. मी सभ्यपणानं पहिल्याच घोटाले तो म्हटला. त्यांच्यात तो म्हटला म्हणजे मले आता नको असा अर्थ होते. मंग काय, वाटी माह्या नाकासमोरून फिरते, अन् मी सगळी सकाळ तोंड पाहत बसलो, का मी यांचं काय घोडं मारलं?

खाण्याचं विचारशीन. भात अन् काळ्या घेवड्याचं वरण दोन्ही वेळ. रताळे, मक्याची लापशी, अन् मुळ्यासारख्या एका कंदाचं भाजलेलं पीठ. रविवारी सगळा गाव मांस भाजते अन् ते कशाचं हे मी पुसलं नाई, तू पुसू नको. (सादिक, हे वाक्य लवकर वाचून टाक.) त्या दिवशी मी अन् जगदेव गोठ्यापलीकडच्या झाडाखाली रताळे घेऊन बसतो. इदालिना आपलं ताट घेऊन आमच्यात येते अन् तीही रताळेच खाते.

आता होळीचं सांगतो, काहून का ते इथून दुसऱ्या कोणी लिहिलं तं वाईट लिहीन. त्यांच्या कोण्या साधूचा सण होता. देवळाच्या म्होरं लाकडाचा ढीग रचला, दिवस कलताना पेटवला, अन् पोरं-बाया, बंगल्यातले लोक, पांढऱ्या दाढीचा पाद्री, सगळे भोवती उभे. अशी थंडी, असा जाळ, अन् एवढी आपली माणसं. मले राहवलं नाई. मी दुधाची धार सोडली, पाच फेरे घातले, अन् तोंडावर हात मारून जी बोंब मारली! ती आपल्याकडं पार धनज गावच्या शिवेपर्यंत गेली असती, बाई. पण इथं बोंबेचा अर्थ एकच. लोकांना वाटलं, कुठं तरी आग लागली. आग कुठं लागली ते पाहाले सगळे फिरले, अन् त्यांना समोर दिसली आगच. 'बाल्दे! बाल्दे!' म्हणत सगळा गाव विहिरीवर. मीही आपला शब्द ऐकून जोशात बाल्दी उचलली. पाद्री घमेलं घेऊन धावला. डोळ्याचं पातं लवते तोवर सण विझला. काळे लाकडं, धूर, अन् मधी मी, हातात रिकामी बाल्दी.

सगळे माह्याकडे पाहाले लागले. तेवढ्यात मागून बोंब ऐकू आली. पाहतो तं जगदेव. तोंडावर हात मारून, डोळे मिटून, लहानपणी शेलूबाजारात मारे तशी. मारता मारता हासाले लागला अन् हासता हासता रडाले लागला. 'किती वर्सं झाली मामा, मी होळी ऐकली नाई.' मंग त्यानं लोकांना त्यांच्या भाषेत काय सांगतलं कोण जाणे, पाद्र्यानं स्वतः वाळलं लाकूड आणलं, जाळ पुन्हा धरला, अन् सगळ्या कनोआसनं बोंब मारली. बंगल्यातल्या बायांनी हातमोजे काढून मारली. सिल्वेरियो म्हाताऱ्याची तं मलेही येत नाई अशी.

त्याच जाळाजवळ बसून जगदेवनं पहिल्यांदा पुसलं, 'बाई कशी हाय? अजून रागावते?' मी म्हटलं, 'रागावते, म्हणजे बरीच हाय.' मंग तो लई बोलला. काय बोलला ते लिहीत बसलो तं कागद पुरणार नाई, अन् टपालाची गाडी येऊन राह्यली. थोडक्यात, पोरगा सुखी हाय, तुही आठवण काढते, अन् मीही इथं मजेत हाव. भाऊजींना नमस्कार, ल्हानांना आशीर्वाद.

तुहा,
पुंजाजी

ता. क. (सादिक, इथून म्होरं वाचायच्या आधी बाईले खाली बसव, पाण्याचा गडवा जवळ ठेव.) जगदेव येऊन नाई राह्यला. इदालिना ही त्याची बायको हाय. दोन वर्सं झाली. त्यानं तुले कळवलं नाई, काहून का तू त्याचं तोंड पाहणार नाई असं त्याले वाटे. मी त्याचा कान धरला, बाई, देवाशप्पथ धरला. पण तिनं माहा दुसरा हात धरून मले जेवाले बसवलं. मंग कान सोडा लागला.

ता. क. दुसरं. माह्या घरवालीले, पंचफुलाले सांग, यंदा रब्बीच्या पेरणीचं तिनंच पाहावं, मी पुढल्या बोटीनं येत नाई, त्याच्या पुढल्या बोटीनं येईन. हे तिले तूच सांग. तुमचं दोघींचं नणंद-भावजयचं बोलणं बंद असन तं यानिमित्तानं चालू होईन.

ता. क. तिसरं, अन् पत्र लिहिलं ते यासाठीच. होळीनंतर आठव्या दिवशी इदालिनाले पोरगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. केस पिवळे, पण नाक तुहं, हे मी झोपेतही सांगीन. पाद्री नाव मागून राह्यला, सिल्वेरियो म्हाताऱ्यापाशी त्यांच्या साध्वींच्या नावांची रांगच तयार हाय, पण इदालिनानं सगळ्यांना थांबवलं. तिनं जगदेवकरवी मले सांगतलं, 'नाव पोरीची आजी ठेवीन, तिचं पत्र येईपर्यंत पोरगी बिन नावाची राहीन.' तवा बाई, राग मोठा असन तं असू दे, तो मी आलो का माह्यावर काढ. पण एक नाव धाड. नाई धाडलं तं शेवटी मलेच ठेवा लागन, अन् मले पंचफुला याशिवाय दुसरं नाव सुचतच नाई. मंग तुले जन्मभर नातीले लाडानं भावजयीच्या नावानं हाक मारा लागन.