बसलेल्यांना उठवायचं खातं

३ जून

चि. थोरलीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. घरात फोन असताना आजी पत्रं कशाला लिहायला लावते, असं तू आईला विचारलंस म्हणे. अगं, फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि बस आली म्हणून ठेवून देतेस. पत्र कसं, शेवटपर्यंत वाचावंच लागतं. मी तिसरीतून शाळा सोडलेली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या हाताने लावून घे.

तुझी नवी नोकरी काय आहे ते शेजारच्या शिंपीणबाईला सांगताना माझी फजिती झाली. तू लिहिलंस की शाळा सुटलेली, हाताला काम नसलेली मुलं शोधायची, त्यांना काहीतरी शिकायला लावायचं आणि नोकरीच्या दारापर्यंत न्यायचं. एवढं कोण लक्षात ठेवणार? मी सांगून टाकलं की माझी नात बसलेल्यांना उठवायच्या खात्यात आहे. शिंपीण म्हणाली, मग आधी आमच्या ह्यांना उठवायला सांगा. तिचा नवरा निवृत्त झाल्यापासून खुर्चीतून हलत नाही. खुर्चीचं कापड दोनदा बदलून झालं, माणूस तोच.

हसले खरी, पण घरात येऊन आपल्या घुमीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि हसू गिळलं. तुझे आईबाप सकाळी सातला कामावर जातात, मग दिवसभर आम्ही दोघीच. बारावीला दुसऱ्यांदा नापास झाली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून तुझी धाकटी बहीण त्या खोलीतच असते. वीस वर्षांची पोर, ताट आत नेते, धुऊन बाहेर ठेवते. काही विचारलं तर हो, नाही आणि बघू. तिन्ही शब्द मला पाठ झालेत.

तुझ्यासारखं ऑफिस आपल्या गावातही आहे असं तू लिहिलंस, बस डेपोच्या मागं, टपालकचेरीच्या वर. म्हटलं, आधी आपण बघून यावं. गेले. जिन्यात दोनदा बसले. दारावर ही लांबलचक पाटी, आणि मी एकेक अक्षर लावून वाचणारी. युवा झालं. पुढं स, मु, प, दे, श, न. वाचता वाचता कान टवकारले. अगं, त्या मु च्या पोटात उपदेश लपून बसलाय की! म्हटलं, झालं. घरी फुकट मिळतो तो पुरत नाही म्हणून पोरं जिना चढून इथं घ्यायला येणार होय? आले तशीच उतरले.

घरी येऊन घुमीच्या दाराबाहेर स्टूल टाकलं आणि भिंतीशी बोलल्यागत ही गंमत सांगितली. तर आतून हसण्याचा आवाज! आणि मग म्हणाली की ती पाटी तिने पाहिलीय. गेल्या वर्षी आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो, तेव्हा ती एकटीच तिथवर गेली, पाटी वाचली आणि दार न ढकलता परत आली.

थोरले, पोरगी आपणहून गेली होती गं. आणि आपल्याला कुणाला पत्ता नाही. आता तूच सांग काय करू. आजीवर लोभ आहे तेवढा राहू दे आणि लवकर लिही, नाहीतर पुढचं पत्र याहून लांब येईल.

तुझी,
आजी


११ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. बसलेल्यांना उठवायच्या खात्यापर्यंत ते पोट धरून हसले आणि उपदेशाची ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. आजी, समुपदेशन म्हणजे समोरच्याने बोलायचं आणि आपण ऐकायचं. पण हे पाटी वाचणाऱ्याला कसं कळावं? आमच्या दारावरही तोच शब्द आहे. आत बारा खुर्च्या आहेत आणि पाच आठवड्यांत तीन मुलं आली. त्यातला एक तर खालच्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता विचारायला आला होता.

घुमी एकटी जाऊन आली हे वाचल्यावर मात्र मी जागेवरून उठून बाहेर फिरून आले. घर सोडताना मी तिला काय म्हणाले ते तू ऐकलं होतंस. आता तरी काहीतरी कर, असं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. परक्यांच्या मुलांशी मी दिवसभर गोड बोलते आणि सख्ख्या बहिणीला टोमणा मारून आले.

तुमच्या गावातल्या ऑफिसात मी फोन केला होता. लिफ्ट दुरुस्तीचं चार महिन्यांचं प्रशिक्षण एक जुलैपासून आहे. फी नाही, बसभाडं मिळतं, दहावी पुरते आणि नंतर कंपनीत कामाला लावून देतात. एकच जागा उरलीय, पंचवीस तारखेपर्यंत. ती गेली तर पुन्हा वर्षभर काही नाही, आणि आणखी एक वर्ष ती त्या खोलीत राहिली तर कधी बाहेर येईल का, याची मला धास्ती वाटते. नाव तिने स्वतः जाऊन द्यायला हवं, दुसऱ्या कुणी देऊन चालत नाही. काम हाताचं आहे, बोलणं कमी, म्हणून तिला झेपेल असं वाटतं.

माझं ती ऐकणार नाही. तू तिला घेऊन जा. पण आजी, उपदेश करायचा नाही. जमेल तुला? चुकलं असेल ते पोटात घाल आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
थोरली


२६ जून

चि. थोरलीस,
आजीचे भरभरून अ. उ. आ.

जमेल का म्हणे! अगं, मी तोंडाला कुलूप लावलं. तुझं पत्र टेबलावर उघडं टाकलं, वर चष्मा विसरल्यासारखा ठेवला आणि शिंपीणीकडे जाऊन बसले. तिने नेमका मला सुईत दोरा ओवायला दिला, चष्म्याशिवाय मी तिचं बोटच शिवायचं बाकी ठेवलं. परत आले तर पत्र जागेवर, पण घडी उलटी. मी चकार शब्द काढला नाही. माझ्या जिभेला ही केवढी शिक्षा ते तुला ठाऊक आहे. सहा दिवस तशीच राहिले. चोवीस तारखेला सकाळी ती केस विंचरून बाहेर आली आणि विचारलं की तुला टपालात काही काम आहे का. मला कसलं काम? म्हटलं, हो तर, तिकिटं संपलीत.

वर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, उमेदवार कोण. मी म्हटलं, आमच्या घरातलं कुणी निवडणुकीला उभं नाही. तो हसता हसता ठसका लागून पाणी प्यायला. इथं काम मागायला येणाऱ्याला उमेदवार म्हणतात म्हणे.

आतली बाई तुझ्याच वयाची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. तिने घुमीला विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस. मी सांगितलं, तशी लवकरच उठते. आवडतं काय? तेही मी सांगितलं. बारावीनंतर काय केलं? मी म्हटलं, तब्येत जरा नरम होती. यावर बाईने पेन खाली ठेवलं आणि अगदी मधाळ आवाजात मला विचारलं की बाहेरचं बाकडं मोकळं आहे का ते जरा बघून याल का आजी. मी गेले. बाकडं मोकळं होतं. सांगायला वळले तर दार लागलेलं!

असा राग आला म्हणतेस. नातीला आणलं कुणी, जिना चढलं कुणी? कारकुनाला माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची साद्यंत हकीकत ऐकवली, त्यात त्याने तीन टोकनं चुकीची फाडली. दाराला वरच्या अंगाला काच आहे. टाचा उंचावून डोकावले तर आपली पोरगी बोलत होती. हो-नाही-बघू नव्हे, हात हलवून हलवून बोलत होती. पाऊण तास!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षं तिला कुणी काही विचारलं की उत्तर मी देते. जेवलीस का म्हटलं की मी सांगते जेवली. येतेस का म्हटलं की मी सांगते तिला बरं नाही. पोरीने तोंड उघडायला मी जागा ठेवली कुठं? आणि वर घुमी हे नावही मीच पाडलं. आता नाही म्हणायचं. धाकटी म्हणायचं.

नाव लागलं, बरं का. सध्या काय करता, या रकान्यात तिने काही नाही असं लिहिलं. बाई म्हणाली, राहू दे, खरं लिहिलंय. उठायची वेळ तर पोरीने साडेअकरा सांगून टाकली! आता सव्वाआठची बस आहे. माझी झोप आत्ताच उडालीय. आजीची आठवण काढत जा, तुझ्या मायेवरच हे गुडघे चालतात.

तुझी,
आजी


३० जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

दोन ओळीच लिहिते. काचेतून डोकावणारी तू डोळ्यांपुढून हलत नाहीस. पण एक आधी सांगून ठेवते. आमच्याकडचा अनुभव असा की पहिल्या पंधरा दिवसांत निम्मी मुलं गळतात. एखाद्या सकाळी ती उठली नाही तर रागावू नकोस आणि रडूही नकोस. त्या बाईंना कळव. आमच्या दारावर आता पाटीखाली एक कागद चिकटवलाय, आत या, आम्ही ऐकतो. परवा दोघी जणी आल्या. अशीच हक्काने कान धरत जा.

तुझी,
थोरली


१९ जुलै

चि. थोरलीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझ्या तोंडात साखर घालावी की काय ते मला कळेना, कारण तू म्हणालीस तस्संच झालं.

सुरुवातीचा आठवडा काय सांगू! निळा गणवेश मिळाला, त्यात धाकटीसारख्या दोघी मावतील. शिंपीणीने पाय दुमडून दिले. रोज संध्याकाळी नखांत काळं वंगण घेऊन यायची. एकदा जेवताना लिफ्ट कशी चालते ते चमच्यांनी दाखवलं. आपण वर जातो तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन खाली येतं म्हणे. तुझ्या बाबांनी घास हातातच धरून ऐकलं.

आणि नवव्या दिवशी दार उघडलं नाही. आठ वाजले, बस गेली, नऊ वाजले. मी दाराबाहेर उभी, ओठ दाताखाली धरून. शिंपीणीच्या फोनवरून बाईला कळवलं. आपल्या फोनवरून बोलले असते तर आत ऐकू गेलं असतं. दहाला बाई आली. दाराबाहेरच्या माझ्या स्टुलावर बसली. झालं होतं असं की मास्तरांनी तारांचा नकाशा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सांगितला, हिची वाचा बसली आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाईने समजावलं नाही, काही नाही. एवढंच सांगितलं की मास्तरांशी बोलणं झालंय, उद्यापासून धाकटीने नकाशा बोटाने दाखवला तरी चालेल. आणि हसणाऱ्याने आज सगळ्या तारा उलट्या जोडल्या. बस सव्वाआठचीच आहे. मग चहा घेतला आणि निघाली. मी जिन्यापर्यंत धावले आणि विचारलं की उद्याही नाही आली तर? तर परवा मी परत येईन, असं म्हणाली. दूधवाली म्हणते ना, उद्या येते, तशी. रागही नाही, उपकारही नाही.

थोरले, तू पण अशीच दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसतेस का गं? मला आजवर वाटायचं की तू टेबलामागं बसून कागद भरतेस.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला धाकटीने मला विचारलं की डबा झाला का. झाला होता. मी तो सहाला भरून ठेवला होता, पण म्हटलं, हा काय, होतोच आहे. त्याला आज आठ दिवस झाले, रोज जातेय. कळावे, आणि मन भरून आठवण यावी.

तुझी,
आजी


२३ नोव्हेंबर

प्रिय ताई,
नमस्कार.

आजी शेजारी बसून डोकावत होती, तिला बाकडं मोकळं आहे का बघायला पाठवलंय.

प्रशिक्षण संपलं आणि मला लिफ्टच्या कंपनीत घेतलं हे तुला आईकडून कळलंच असेल. पण तीन आठवडे सगळं कच्चंच होतं. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते की तुझा हात चांगला आहे, पण आत अडकलेल्या माणसाशी बोलावं लागतं, ते जमलं तर ठेवू. नाहीतर नाही. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी पहिल्यांदा एकटीला पाठवलं. सहा मजली इमारत, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये एक गृहस्थ अडकलेले. दार बडवत होते. माझा आवाज ऐकून म्हणाले की कुणी पुरुष माणूस असेल तर पाठवा. मी सांगितलं की आहेत, पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहेत, त्यांना चाळीस मिनिटं लागतील आणि मला चार. दार बडवणं थांबलं. मग म्हणाले, बरं, चार.

घाबरू नका म्हणायचं असं आम्हाला शिकवलंय. ते माझ्याच्याने म्हणवेना. मला कुणी तसं म्हटलं की मी जास्तच घाबरायचे. म्हणून मी नुसतं सांगत राहिले. आता मी वर मशीनपाशी चाललेय, माझा आवाज बारीक येईल. आता मेन स्विच बंद केला. आता हाताने चाक फिरवतेय, तुम्ही हळूहळू खाली जाल, ते मीच करतेय. चाक कडक आहे, चार नाही सहा मिनिटं लागतील. मी गप्प बसले की आतून हालचाल ऐकू यायची, म्हणून मी थांबलेच नाही. जिन्याचा रंग कुठला ते सांगितलं, डब्यात काय आणलंय तेही सांगितलं. दार उघडलं तेव्हा ते घामाघूम होते आणि माझा घसा बसला होता.

काल साहेबांनी बोलावलं. त्या गृहस्थांचा फोन आला होता. काम ठीक झालं, पण एक तक्रार आहे म्हणे. तुमची मुलगी फार बोलते.

साहेबांनी ती तक्रार फाइलला लावली आणि मला कायम केलं.

रविवारी मला सुटी असते. तू येशील का? आल्यावर काहीतरी सांग मला, काहीही, आता चालेल. घसा अजून बसलेलाच आहे, म्हणून ऐकायची पाळी माझी. येईपर्यंत आठवण ठेव.

तुझी,
धाकटी