सहा गाठींची वात

१० एप्रिल १९६२, तेरखेडा

सकाळपासून सुरुंगाची वात वळतेय. बोटं काळी, नखं काळी, भाकरीलासुद्धा दारूचा वास! अम्मी — माझी सासू — म्हणते, "हात धू गं आधी, न्हायतर चुलीतच बार उडंल."

दुपारी शांतलिंग आला, विहिरींच्या कामावरचा यांचा जोडीदार. दारातूनच ओरडला, "भाभी, सहाची द्या!" आमच्यात एवढंच बोलायचं असतं. विहीर जितके परस खोल, तितक्या वातीला गाठी. एक गाठ जळते तोवर माणूस एक परस, म्हणजे पुरुषभर, वर चढतो. खाली अंधारात घड्याळ कोण बघणार? वात हातातून फिरवायची, गाठी चाचपायच्या, किती वेळ आहे ते कळतं. सहा गाठी मारून दिली. लगेच गेला.

११ एप्रिल

हे सुरुंगात सापडले. आयुब — तोंडानं कधी नाव घेत नाही, इथं तरी लिहिते. ट्रकमधून सोलापूरला नेलं. डोळे... या अल्ला! लिहवत नाही.

१४ एप्रिल, सोलापूर

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. बोलत नाहीत. पाणी पाजलं तर पितात, मग तोंड भिंतीकडं.

शांतलिंगनं दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळं सांगितलं. "सहा परस नव्हती ओ भाभी, सहा मीटर! ओव्हरसियरनं नव्या टेपानं मोजली, मला आकडा सांगितला. म्या तसाच तुमाला येऊन सांगितला."

म्हणजे साडेतीन परसांच्या विहिरीला सहा परसांची वात! दोघं वर येऊन बसले, बार काही होईना. "वाटलं, बार मुका गेला, वात विझली. आयुबभाई बघाया उतरले, आन् बार उडाला."

मी विचारलं का नाही? 'सहा काय?' — एवढंच तर विचारायचं होतं! जीभ झडली होती का माझी?

२० एप्रिल

अम्मी माझ्या हातचं पाणी घेत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ मे, तेरखेडा

कपडे न्यायला गावाकडं आले. मी दिसले तशा आडावरच्या बायका गप्प झाल्या. शांतलिंगची बायको बानूबाई तेवढी घरी आली. ज्वारीचं पीठ दिलं, रडली. म्हणाली, "माझा वाचला, आन् तुमचं असं झालं." तिला काय बोलू!

घरातली होती नव्हती ती वात बादलीत बुडवली. पाणी काळंकुट्ट झालं. लोक म्हणतात, वात आखूड नको, लांब असली तर बिघडत नाही. काय बिघडत नाही? या बघा म्हणावं सोलापूरला! यापुढं सुताला हात लावणार नाही. मग खाणार काय, तेही कळत नाही. जगायचं तरी कशाला, असं सारखं मनात येतंय.

१८ मे, सोलापूर

बकरीद आली न् गेली. डॉक्टर म्हणाले, पट्टी उद्या काढू. दुवा मागायला बसले तर शब्दच फुटेनात. माझ्यासारखीनं कुठल्या तोंडानं मागायचं?

१९ मे

पट्टी काढली. दिसत नाही. उजेडसुद्धा नाही.

२० मे

आज हे बोलले. शांतलिंग चहा आणायला खाली गेला होता, तेवढ्यात.

"मैमुना, रडू नको. गाठी म्या चाचपल्या होत्या. वात लांब हाय हे ठावं होतं मला. शांतलिंगला म्हटलं, दम धर, अजून दोन गाठी जळायच्यात. त्यानं ऐकलं न्हाय, उतरला. म्या त्याला आणाया गेलो. आधी त्याला दोराला लावून वर धाडलं."

मी ताडकन उठले. म्हटलं, आत्ता अम्मीला सांगते, साऱ्या गावाला सांगते!

यांनी चाचपडत माझा हात धरला. "न्हाय. कुणी कामावर उभं करणार न्हाय त्याला. लेकरं हायत पदरात."

"आन् मी?" म्हटलं. यांनी हात सोडला नाही.

शांतलिंग चहा घेऊन आला. "घ्या भाभी."

मी कप घेतला.