ब्रिन गारूतली उमरावाची बैठक

४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधाची नोंद वेळच्या वेळी झालेली बरी. काकांकडून मिळालेलं हे ब्रिन गारू साधं शेतघर नव्हेच. घरातल्या बोळापलीकडची अडगळीची खोली म्हणजे उमरावाची बैठक. जमिनीला उतार, मधोमध दगडी पन्हळ: मेजवानीनंतर हात धुतलेलं पाणी जायला. तुळईत ओळीने भोकं: ढाली टांगायला. बायकोला, नेस्टला, दाखवलं. म्हणाली, "इद्वल, माझ्या बापाच्या गोठ्यात अश्शीच भोकं होती. दावी बांधायला." शेतकऱ्याची लेक. तिला जिथे तिथे गाई दिसतात. मी शाळेत इतिहास शिकवलाय.

१९ ऑक्टोबर
पलंग आणि टेबल बैठकीत हलवलं. नेस्ट येत नाही. ती चुलीच्या बाजूला, म्हणजे नोकरांच्या भागात झोपते. तिथे ऊब आहे म्हणे. उमरावाला ऊब कशाला हवी?

२ नोव्हेंबर
गादीला ओल. नाक चोंदलंय. उद्या पहाटे उठून लेखाला सुरुवात.

३ नोव्हेंबर
उठलो नाही. थंडी फार.

१५ नोव्हेंबर
बोळ आणि स्वयंपाकघर यांच्यामधली काळ्या फळ्यांची भिंत काढली. एक खिळा नाही, नुसत्या खाचा. कुणा अडाण्याचं काम. आता बैठकीतून थेट चुलीपर्यंत नजर जाते. शेजारचा टुडुर डोकावला. म्हणाला, "मास्तर, वाऱ्याला अगदी घरात घेतलंत की." लक्ष दिलं नाही.

२७ नोव्हेंबर
नेस्टचा खोकला थांबत नाही. बॅग भरून बाला गावी बहिणीकडे गेली. दारात म्हणाली, "मी रुसून जात नाहीये. भिंत उभी कर, त्याच दिवशी येते." करणारच आहे. पण आधी जुन्या घरांच्या तज्ज्ञ बाई, अंगारद, येऊन बघू देत. त्यांचा रिपोर्ट वाचला की नेस्टचाच ऊर भरून येईल.

१४ डिसेंबर
बाई जानेवारीत येणार. सरपण संपलं. भिंतीच्या दोन फळ्या फोडल्या. ओक सुरेख जळतो. बाकीच्या ठेवायच्या.

२५ डिसेंबर
मेनाने, म्हणजे नेस्टच्या बहिणीने, जेवायला बोलावलं होतं. शोध अर्धवट टाकून जाणं बरं दिसलं नसतं. परवाचं मटणाचं सार गरम केलं. आणखी फळ्या. भिंत काय, नवीही होते.

११ जानेवारी
अंगारदबाई येऊन गेल्या. रिपोर्टची गरज नाही, तोंडीच सांगितलं. गोठा. पन्हळ शेणमुताची. इथे गाई असायच्या आणि त्यांच्या अंगाची ऊब घरातल्या माणसांनाही मिळायची. मग बाईंनी विचारलं, "बोळाकडची ओकची भिंत कुठे? काकांच्या वेळी मी तिचा फोटो पाहिलाय. पाचशे वर्षांची तरी असेल. मी खरं तर तिच्यासाठीच आले." दुरुस्तीला दिलीय म्हटलं.

संध्याकाळी नेस्टचा फोन. बाई काय म्हणाल्या? अभ्यास चालू आहे म्हटलं. आवाज खोल गेला होता तिचा. फार आठवण येते तिची. तेही सांगितलं नाही. मग तिने विचारलं, "भिंत उभी राहिली का रे?"

चुलीतली राख अजून काढलेली नाही.