वासूचं तोंड मोठं दिसावं म्हणून

विजयनगरम,
बुधवार, ६ सप्टेंबर २०२३

चि. पैडिराजु यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तू, लक्ष्मी आणि स्वप्ना खुशाल असाल. विनायक चविती तोंडावर आली, ब्लाउजांचा ढीग पडलाय, मशीनवरून उठायला सवड नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता सुईत दोरा पहिल्याच खेपेला जातो. स्वप्नासाठी परकर शिवलाय. उंची वाढत असेल म्हणून खाली चार बोटं दुमडून ठेवलीयेत. गोंगुराचं लोणचंही घातलंय. तू महिनाभर फोन उचलत नाहीस. कामात असशील, म्हणून लिहिते.

मी कॉम्प्युटर घेतला. तू नको म्हणाला होतास. तेवढं सांगायला उन्हातान्हात विशाखपट्टणमहून स्कूटरवर आलास. “अक्का, फोन आहे की. या वयात तुला कॉम्प्युटर काय करायचाय? तुझा वासू तिकडे दिवसभर त्याच्यासमोरच बसतो, रविवारीही तेच कशाला?” कॉफी केली होती, ती न घेताच उठलास. तेव्हा मला वाटलं, माझी तब्येत, माझे डोळे, यांची काळजी.

शेजारच्या कामेश्वरी टीचर म्हणाल्या, “दुकानात पाय ठेवण्याआधी कागदावर लिही, कशासाठी हवाय ते. नाहीतर दुकानदार त्याला खपवायचंय ते तुझ्या गळ्यात मारेल.” मी एकच ओळ लिहिली. वासूचं तोंड मोठं दिसावं, आवाज स्पष्ट यावा.

आम्ही दोघी घंटास्तंभाजवळच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं आधी रंगीत दिवे लागणारा डबा दाखवला.

“मामी, हा खेळायला एक नंबर.”

“मी काय खेळू रे?”

“मग लॅपटॉप घ्या. पातळ आहे, कुठंही नेता येतो.”

“मी कुठं जाते? पडदा दाखव. सगळ्यात मोठा.”

त्यानं कागद वाचला आणि दिव्यांचा डबा बाजूला सारला. म्हणाला, “डबा जुना घेतलात तरी चालेल, बोलण्यापुरतं त्याला काही जड नाही. पडदा नवा घ्या. स्पीकर चांगले घ्या. कॅमेरा साधा पुरे.” मलाही माझं तोंड कुठं दाखवायचं होतं? शिलाईच्या टेबलावर सगळं मांडलं. मशीन खिडकीत सरकवलं.

आता पुढचं कसं लिहू.

कंबोडियातली ती नोकरी तू लावून दिलीस. एप्रिलपासून दर रविवारी चारला वासू फोनवर दिसायचा, माझ्या अंगठ्याएवढा. छान आहे अम्मा, जेवतो अम्मा, कंपनी चांगली आहे. मीही तेवढ्यावर आठवडा काढायचे. पहिल्यांदा तो पडद्यावर आला तेव्हा मला आनंद होण्याआधी त्याची कॉलर दिसली. जाताना मीच शिवलेला निळा शर्ट. साडेपंधरा इंचांचा गळा बेतला होता. आत आता माझी तीन बोटं सहज जातील. तीस वर्षं मापं घेते मी, नजरेनं चुकत नाही.

त्याच्या मागं खिडकी आहे. फोनवर नुसता उजेड दिसायचा. आता दिसलं की गजांच्या बाहेरून पत्रा ठोकलाय.

दुसऱ्या रविवारी ऐकू आलं, त्याच्या शेजारी कुणीतरी खोकतं. मी काही विचारलं की तो आधी खोकल्याकडे बघतो, मग उत्तर देतो. डावा हात तो वर आणतच नव्हता. मी म्हटलं, “केस किती वाढलेत, मागं घे बघू.” सवयीनं हात वर गेला. दोन बोटांना नखं नाहीत.

परवाच्या रविवारी उठता उठता म्हणाला, “नान्नांना नमस्कार सांग. म्हणावं, मी लवकरच त्यांच्याकडे येतोय.”

पैडी, त्याच्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. चितेला अग्नी त्यानंच दिला होता, तू शेजारी उभा होतास. मी चेहरा हलू दिला नाही. “सांगते,” म्हटलं.

टीचरांनी शोधाशोध करून बोब्बिलीची उषाराणी म्हणून एक मुलगी आणली. कंबोडियातल्या तशाच पत्रे ठोकलेल्या इमारतीतून ती पळून आलीय. तिथं कॉम्प्युटरवर गोड बोलून अनोळखी माणसांना लुबाडायचं काम असतं. नाही म्हटलं की मारतात. घरी बोलताना शेजारी माणूस बसतो, खोकला की गप्प व्हायचं. मी विचारलं, तुला इथून कुणी पाठवलं? नाव तिला खोटं सांगितलं होतं. पण म्हणाली, त्या माणसाच्या डाव्या कानामागं भाजल्याची मोठी खूण होती, पिंपळाच्या पानासारखी.

ती खूण माझ्या हातची आहे. तू तीन वर्षांचा होतास, मी भाताची पेज गाळत होते, तू मागून येऊन बिलगलास आणि पेज कलंडली. अम्मानं मला मारलं आणि तू तिचा हात धरून रडलास, अक्काला मारू नको म्हणून.

उषाराणीला मी म्हटलं, असा माणूस मी पाहिलेला नाही. टीचर माझ्याकडे बघत राहिल्या.

टीचरांनी पोलिसांसाठी अर्ज लिहिलाय. कुणी पाठवलं, त्या ओळीत जागा मोकळी आहे. रविवारी चारच्या आत ये. कॅमेऱ्यात दिसणार नाहीस असा बाजूला बस. त्याला एकदा मोठा बघ, आणि कुणाशी बोललं की तो सुटेल ते मला सांग. दुसरं काही मी विचारणार नाही. दार उघडं ठेवते.

तुझी,
अक्का

*

विजयनगरम,
सोमवार, ११ सप्टेंबर २०२३

पैडिराजु,

तू आला नाहीस. लक्ष्मीनं मात्र फोन उचलला. पत्र शुक्रवारीच मिळालं, तू वाचून खिशात घातलंस, असं तिनं सांगितलं. तिला यातलं काही ठाऊक नाही, हे तिच्या आवाजावरून कळलं.

काल चारला घंटी वाजली. तीच खुर्ची, तीच खिडकी. निळा शर्टही तोच, ओळखला, कारण दुसऱ्या काजाजवळ माझा दोरा संपला होता आणि मी गडद रंगाचा लावला होता. पण आत वासू नव्हता. दुसराच कुणी, मिसरूड फुटलेला, आपल्याच बाजूचा. खाली मान घालून पाठ केल्यासारखं बोलला, “अम्मा, वासू दुसऱ्या कंपनीत गेला. तिथं फोन नाही. काळजी करू नका.”

“तुझं नाव काय बाळा?” मी विचारलं.

कुणीतरी खोकलं. त्यानं वर बघितलं, ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग पडदा काळा झाला.

माझ्या खोटं बोलण्यात चार दिवस गेले, पैडी. उषाराणीनं खूण सांगितली त्याच दिवशी नाव लिहिलं असतं तर वासू त्या खुर्चीत असता की नसता, हे आता मला कुणीच सांगू शकणार नाही. हा हिशेब तुझ्याशी नाही, माझा माझ्याशी आहे.

संध्याकाळी अर्ज पुढ्यात घेतला. टीचर लिहायला बसल्या होत्या. मी म्हटलं, द्या इकडे. मोकळ्या ओळीत तुझं नाव, घराचा पत्ता, आपल्या अप्पांचं नाव, सगळं मी माझ्या अक्षरात लिहिलं. कानामागची खूणही. त्याच कॉम्प्युटरवरून टीचरांनी आपल्या दूतावासाला वासूचा फोटो आणि पासपोर्टचा नंबर पाठवला. उत्तर आलंय की शोध घेतो. तेवढंच आलंय.

आज सकाळी अर्ज ठाण्यात दिला. हे पत्र पोचेल तोवर पोलीस येऊन गेलेले असतील. तू नाही तर लक्ष्मी वाचेल. लक्ष्मी, तू पोरीला घेऊन माझ्याकडे ये. घर लहान आहे, पण आहे.

पैडी, त्यांना जे ठाऊक नाही ते सगळं सांग. मार खाण्याआधी सांग. आणि एक. इन्स्पेक्टर उद्या पहाटेच निघणार होते. मी हात जोडून म्हटलं, त्याची मुलगी साडेआठला शाळेला जाते, त्यानंतर जा. ते हो म्हणाले. तुझ्यासाठी मला एवढंच मागता आलं.

अक्का